नावात शिवराय, काळात पेशवाई

कराड तालुक्यात तारळी जिथे कृष्णेला मिळते, त्या उंब्रजच्या आसपास जुन्या वाड्यांतल्या देव्हाऱ्यात किंवा बियाण्याच्या गाडग्यात तांब्याचा एखादा झिजका पैसा अजूनही सापडतो. म्हाताऱ्या माणसांना तो शिवराई म्हणून ठाऊक असतो. नातवाने त्याचा फोटो जुन्या नाण्यांच्या जाहिराती पाहून कुणाला पाठवला, की त्या पैशाला नवी नावं चिकटतात: 'शिवकालीन', 'अतिदुर्मिळ', 'रेअर व्हरायटी'.

त्यातलं 'शिवकालीन' हे नाव सर्वांत जास्त फसवतं. शिवाजी महाराजांनी १६७४च्या राज्याभिषेकापासून सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, हे खरं. पण एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' हा मजकूर त्यांच्यानंतरही चालत राहिला, छत्रपतींच्या गादीवर, पेशवाईत, अगदी १८१८नंतर कंपनीच्या अमलातही. मजकुराच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई या उत्तरकाळातली. बाजारात मिळणाऱ्या शिवराया बहुतेक याच जातीच्या असतात. नाण्यावर महाराजांचं नाव आहे म्हणून ते त्यांच्या हयातीतलं ठरत नाही. तरीही दुदांडी 'महाराजांच्या हातची' म्हणून विकली जाते आणि लोक श्रद्धेपोटी दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात. श्रद्धेचा असा व्यापार करणं सरळ लबाडी आहे.

'व्हरायटी'चंही तेच. ठसे कोरणारे सगळेच लिहिणारे-वाचणारे नव्हते, त्यामुळे अक्षरं वेडीवाकडी आली, 'शिव'चं 'शीव' झालं, एखादी वेलांटी गळली. अभ्यासकाला यातून टांकसाळींचे फरक कळतात, म्हणून ते नोंदवण्याजोगे आहेतच. पण प्रत्येक चुकलेल्या वेलांटीला दुर्मिळ म्हणता येत नाही.

पूर्वीच्या सराफीत नाण्याच्या नावाला वजन होतं. अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीतला तो चांदवडी. नाव ऐकलं की सराफाला चांदीचा कस आणि लागणारा बट्टा कळे. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर माणसांच्या आकृती होत्या, त्याला मराठी बायकांनी पुतळी म्हटलं आणि माळेत ओवलं. नाव वस्तूवरून पडे.

आज स्वतंत्र भारताच्या नाण्यांनाही फुगवलेल्या नावांचा हा रोग लागला आहे. सालाखालचा छोटा हिरा ही मुंबई टांकसाळीची खूण, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, आणि कोलकात्याची खूणच नसते. यातली कुठलीही खूण एकटी दुर्मिळतेचा पुरावा नाही. 'प्रूफ' हा शब्द नाणं किती चांगलं राहिलं ते सांगत नाही, ते खास घासलेल्या ठशांनी कसं पाडलं ते सांगतो. टांकसाळीबाहेर पडल्यावर ठोकलेलं, कापलेलं नाणं 'मिंट एरर' होत नाही, ते खराब झालेलं नाणं असतं.

राम-सीता-हनुमानाच्या छापाची, १८१८ साल घातलेली ईस्ट इंडिया कंपनीची आणे-नाणी तर निव्वळ बनावट आहेत. कंपनीच्या कुठल्याही टांकसाळीने तशी नाणी पाडली नाहीत. ती चमत्काराने 'तांदूळ खेचतात' असं सांगून अनेकांना लुबाडलं गेलं आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर इशारा दिला, की तिचं नाव वापरून जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांशी बँकेचा काही संबंध नाही.

तेव्हा घरच्या शिवराईला राखेने किंवा चिंचेने घासू नका, त्याने अक्षरं जातात. विकणाऱ्याला विशेषणं बाजूला ठेवून काळ, टांकसाळ आणि वजन विचारा, आणि उत्तर लेखी मागा. ते मिळेपर्यंत आगाऊ एक रुपयाही देऊ नका.