सोनं आलं कुठून? उत्तर शोधायला हिंगोली का महत्त्वाची?

औंढा नागनाथ म्हटलं की आठवतं ज्योतिर्लिंग. पण हिंगोली जिल्ह्यातल्या याच औंढा परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत ती सुरू करण्याचं उद्दिष्ट आहे.

एवढा पैसा कशासाठी? याचं एक उत्तर तुमच्या घरातल्या दागिन्यांत आहे.

सोनं साध्या ताऱ्यात का बनत नाही?

सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोट झाला. त्यानंतरच्या काही मिनिटांत बनलं ते मुख्यतः हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम. आपल्या शरीरातला कार्बन, श्वासातला ऑक्सिजन, रक्तातलं लोह हे सगळं नंतर ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार झालं.

लोहाच्या पुढे मात्र गणित उलटं होतं. अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळत नाही, ती खर्च होते. सोनं घडायला अणुकेंद्रांवर अगदी कमी वेळात न्यूट्रॉनचा प्रचंड मारा व्हावा लागतो. असं कुठे होतं?

२०१७ मध्ये काय सापडलं?

१७ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेतल्या दोन लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या वेधशाळांमुळे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा माग लागला. लहर प्रत्येक ठिकाणी काही मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचते. त्या फरकावरून दिशा कळली आणि अकरा तासांच्या आत दुर्बिणींना ती जागा दिसली. अंतर होतं सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. त्या प्रकाशात जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा होत्या. पुढे २०१९ मध्ये त्यातलं स्ट्रॉन्शियम ओळखता आलं.

मग प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. अशा टकरींतून विश्वातलं सगळं सोनं आलं का, हे ठरलेलं नाही. २०२५ मधल्या एका अभ्यासानुसार, मॅग्नेटार या प्रचंड चुंबकीय ताऱ्यांच्या भडक्यांतूनही आपल्या आकाशगंगेतल्या अशा जड मूलद्रव्यांपैकी १० टक्क्यांपर्यंत वाटा आलेला असू शकतो.

हिशोब लावायला आणखी टकरी बघायला हव्यात. २५ एप्रिल २०१९ ला दुसरी टक्कर नोंदली गेली. पण तेव्हा अमेरिकेतली एक लायगो बंद होती आणि व्हर्गोसाठी संकेत फारच क्षीण होता. शोधायची जागा निघाली जवळपास एक पंचमांश आकाश! प्रकाश सापडलाच नाही.

हिंगोलीमुळे काय बदलेल?

वेधशाळा एकमेकींपासून जितक्या दूर, तितकी दिशा अचूक. त्यामुळे भारतातली जागा मोलाची आहे. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिथल्या दोनपैकी एक लायगो बंद करण्याचा मुद्दा होता. एक वेधशाळा बंद असली तर काय होतं, हे २०१९ ने दाखवलंच आहे.

म्हणूनच हिंगोलीतलं काम वेळेत पूर्ण होणं महत्त्वाचं आहे. टक्कर कधी होईल हे कुणाच्या हातात नाही. आणि तिची लहर पृथ्वीवरून एकदाच जाते.