अरुंद शीर आणि अवजड यंत्र

परभणी जिल्ह्याच्या मातीखाली काळा पाषाण आहे. सोन्याची वा मँगनीजची शीर येथे नाही. तरीही खाणींतील यांत्रिकीकरणाचा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी परका मानू नये. १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात आपला जिल्हा होता, त्याच राज्यातील रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण होती व आजही चालू आहे. मँगनीजच्या भूमिगत खाणी तर आपल्याच महाराष्ट्रात, नागपूर-भंडाऱ्याकडे आहेत. शिवाय कोयता घेऊन दरवर्षी गाव सोडणाऱ्या आपल्या ऊसतोड कामगारापुढे आज तोडणी यंत्र उभे आहेच. प्रश्न एकच आहे : यंत्र कोणासाठी?

अरुंद शीर म्हणजे कठीण खडकात उभी वा तिरपी शिरलेली, कित्येकदा जेमतेम मीटरभर रुंदीची खनिजाची पट्टी. तेथे कामगार अंग चोरून भोके पाडतो, सुरुंग भरतो, फुटलेला माल उपसतो. उष्मा, कर्कश आवाज आणि डोक्यावरचा सैल दगड हे त्याचे सोबती. गारगोटीची धूळ फुप्फुसात साचून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. २००१ साली बंद झालेल्या कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. दाबाखाली अकस्मात फुटणाऱ्या खडकांनी तेथे अनेकांचे प्राण घेतले. असले काम माणसाच्या हातीच राहावे, असे म्हणण्यात श्रमाचा कसलाही गौरव नाही. यंत्राला आमचा विरोध नाही.

परंतु कोणते यंत्र? एक मीटरच्या शिरेत अवजड यंत्र शिरावे म्हणून तीन मीटरची पोकळी खोदली, तर निघालेल्या मालात दोन भाग निरुपयोगी दगड असतो. तो फोडण्याचा, वर आणण्याचा, दळण्याचा खर्च खाणीवर पडतो. मग खाण तोट्यात असल्याचा गवगवा होतो आणि कुऱ्हाड कोसळते ती कामगारांवर. शिरेच्या मापाचे छोटे छिद्रयंत्र, बुटके उपसणीयंत्र, दुरून चालविण्याची सोय यांतच खनिजाचीही बचत आहे आणि माणसाचीही. १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा त्याला स्वप्नरंजन म्हणून हिणविणारे पुष्कळ होते. अरुंद शिरेपुढे मात्र तोच आग्रह व्यवहाराचा ठरतो.

मालकी सरकारी असली म्हणजे सारे आपोआप सुरळीत होते, या भ्रमातही कोणी राहू नये. बैलाडिलाच्या लोहखाणी सरकारीच होत्या. तेथे यांत्रिकीकरणापायी हजारो कंत्राटी मजुरांवर बेकारी आली आणि ५ एप्रिल १९७८ रोजी किरंदूल येथे मजुरांवर गोळीबार झाला. उलट दल्ली-राजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय स्वतः मांडला. संघटित कामगार केवळ नकार देत नाही, तो तंत्राचाही विचार करू शकतो, हे तेथे सिद्ध झाले.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. यंत्राची निवड कामगार संघटनेशी विचारविनिमय करूनच व्हावी. आज भोके पाडणाऱ्यालाच प्रशिक्षण देऊन उद्याचा यंत्रचालक करावे. कंत्राटी मजुराला त्यातून वगळू नये. पाणी मारून छिद्रण, पुरेशी खेळती हवा आणि नियमित छातीतपासणी यांवाचून एकही यंत्र खाली उतरू नये. वाढलेल्या उत्पादनाचा वाटा वेतनात आणि कमी झालेल्या तासांत दिसावा.

ऊसाच्या फडातही याच मागण्या लागू आहेत. यंत्र येणारच आहे. ते कामगाराच्या पाठीवरचे ओझे उतरविण्यासाठी येते की त्याच्या तोंडचा घास काढण्यासाठी, हे संघटनेच्या बळावर ठरेल. साथींनी ते बळ आतापासूनच उभे करावे.