तुरुंगात लिहिलेली आईची गोष्ट

आवणी आटोपली की हरसूलच्या बाजूला घराघरांतून थोडी उसंत मिळते. बाहेर पावसाची झड लागलेली असते, भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात आणि नागली-वरईच्या माळावर धुके उतरलेले असते. दार लवकर लागते आणि रात्र मोठी वाटते. अशा रात्री पूर्वी आजी चुलीपाशी बसून पोरांना गोष्ट सांगायची. आता बऱ्याच घरांत ते काम मोबाइलवर सोपवले गेले आहे. म्हणून आज मायबहिणींशी, आणि हो, त्यांच्या कारभाऱ्यांशीही, गोष्ट सांगणाऱ्या एका मोठ्या माणसाविषयी बोलायचे आहे. त्याची सर्वांत गाजलेली गोष्ट आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली गेली.

ते साने गुरुजी. पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव कोकणातले पालगड. घराणे खोताचे, पण कोर्टकज्जे आणि कर्ज यांनी घर पोखरले. वाड्यातली माणसे बघता बघता गरिबीत आली. पांडुरंगाने उपाशीतापाशी राहून शिक्षण घेतले. १९१७ साली आई गेली. १९२४ मध्ये तो एम. ए. झाला आणि खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर म्हणून लागला.

तिथे त्यांनी वसतिगृहातली मुले सांभाळली. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या आवरायच्या, मळके कपडे धुऊन टाकायचे आणि तोंडाने एक शब्द काढायचा नाही, अशी त्यांची रीत होती. ती पाहून मुले आपणहून खोल्या झाडू लागली. मुलांसाठी ते हाताने लिहून रोजचे पत्रक काढीत, पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही काढले. मुलांसाठी लिहिणारा लेखक असा मुलांच्या सहवासात घडला.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचने देत. ती गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा मोठा भाग लिहून काढला. पुस्तक निघाले १९३५ साली. त्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. रोज रात्री प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे हे पुस्तक मुळातच ऐकवायचे आहे.

पुष्कळ जण म्हणतात, त्यात फार रडारड आहे. डोळ्यांत पाणी येते हे खरे. पण नीट वाचले तर ती गोष्ट आपल्याच घरची वाटते. कर्ज वाढलेले, सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारात बसलेला आणि त्याचे बोल घरच्या बाईला ऐकावे लागताहेत. माहेरच्या घरात बोलणी खात राहण्यापेक्षा आपली झोपडी बरी, असा हट्ट धरणारी आई त्यात आहे. आणि ती नुसती मायाळू नाही. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला ती झोडपून विहिरीवर धाडते, आणि मग त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिचेच काळीज हलते. मारावे असे यातून कोणी शिकू नये. लेकराने भित्रे राहू नये, ही तिची तळमळ मात्र समजून घ्यावी.

या आईला व्याख्यान द्यायला वेळ नव्हता. ती काम करता करता शिकवी. लाकडाची मोळी उचलता न येणारी म्हातारी महारीण रस्त्यात दिसली, तर जा, तिला हात दे, असे ती मुलाला सांगते. त्या काळच्या ब्राह्मण घरात हे सोपे नव्हते. आता पुढचे पाहा. ते पुस्तक लिहिल्यावर चौदा वर्षांनी, मे १९४७ मध्ये, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि मंदिराची दारे खुली होण्याचा मार्ग मोकळा झाला. लहानपणी पेरलेले दाणे किती वर्षांनी उगवतात, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

शेतकऱ्याचे दुःखही त्यांनी नुसते कागदावर ठेवले नाही. १९३८ साली पूर्व खानदेशात पिके गेली, तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून ते गावोगाव फिरले. ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक त्यांनी त्याच साली काढले. मुलांसाठी परदेशी कथाही त्यांनी आपल्या मातीतल्या करून दिल्या. ‘मनूबाबा’ ही मूळची जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेची कथा. एकट्या विणकराचे साठवलेले सोने चोरीला जाते आणि त्याच्या दारी एक पोरके मूल येते. खरे धन कोणते, ते मग त्याला कळते. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’वर बोलपट काढला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

तो सोहळा पाहायला गुरुजी नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली होती. लाखो मुलांना धीर देणाऱ्या माणसाचे असे व्हावे, हे मनाला लागते. थोर माणसाची गोष्ट सांगताना हा भाग पुष्कळदा झाकून ठेवतात. आपण झाकू नये. हळव्या माणसाचे ओझे बाहेरून दिसत नाही. कर्जाने, नापिकीने किंवा नुसत्या उदासीने घरातला कर्ता माणूस अबोल झाला, जेवेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, तर ‘होईल ठीक’ म्हणून सोडू नका. जवळ बसा, बोलते करा, एकटे ठेवू नका, सरकारी दवाखान्यात न्या. मनाच्या दुखण्याला औषध आहे. ते घेण्यात कमीपणा नाही.

गोष्टीचा खरा उपयोगही इथेच आहे. ज्या घरात रात्री घटकाभर बोलणे होते, त्या घरात मनात साचलेले बाहेर यायला वाट असते. श्यामच्या आईचे कौतुक करता करता आपण संस्काराचा सगळा भार बाईवर टाकला आणि बापे मोकळे झाले. तसे नको. दिवसभर चिखलात आवणी करून, वर रांधून वाढून ती थकलेली असते. एक दिवस तिने सांगावी, एक दिवस बापाने, एक दिवस आजीने.

भाषा घरातलीच असू द्या. कोकणी, वारली, कोळी घरात जशी बोलतात तशी. पुस्तकातली मराठी पोरे शाळेत शिकतीलच. पण आजीच्या बोलीतली डोंगरदेवाची आणि बोहाड्यातल्या सोंगांची गोष्ट दुसरे कोणी सांगणार नाही. वाचता येणाऱ्या पोरीने शाळेतून ‘श्यामची आई’ आणावी आणि एकेक ‘रात्र’ सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. द्राक्षाच्या हंगामात कामाला बाहेर पडाल तेव्हा भांड्याकुंड्यांच्या बोचक्यात तेही बसेल. मुक्कामाच्या पालात दिवा लावून वाचता येईल.

चार भिंतींत कोंडलेल्या माणसाने आईची आठवण काढून एवढे मोठे पुस्तक दिले. आपल्याला तर अंगण मोकळे आहे आणि लेकरे समोर आहेत. आज जेवणे झाली की मोबाइल कोनाड्यात ठेवा आणि पोरांना जवळ घ्या.