पाण्याच्या शोधाला गिऱ्हाईक कोण?

गेल्या काही वर्षांत पाण्याच्या प्रश्नाला स्पर्धेचे स्वरूप आले आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये ‘अमृत’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्याखाली पाणीक्षेत्रातील स्टार्टअपसाठी स्पर्धा जाहीर केली. शंभर उद्योगांना प्रत्येकी २० लाख रुपये व मार्गदर्शन देण्याची ती योजना होती. महाराष्ट्र शासनाच्या स्टार्टअप सप्ताहात २०१८ पासून विजेत्यांना १५ लाख रुपयांपर्यंतचे प्रायोगिक काम शासकीय खात्यांकडूनच देण्याची प्रथा पडली. जागतिक आर्थिक मंचानेही एचसीएल या भारतीय उद्योगसमूहाच्या साह्याने २०२२ मध्ये गोड्या पाण्यासाठी पाच वर्षांचा, दीड कोटी डॉलरचा असाच उपक्रम हाती घेतला. तरुण अभियंत्यांच्या बुद्धीला हे क्षेत्र खुले झाले, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु परभणीसारख्या जिल्ह्यातून या स्पर्धांकडे पाहिले म्हणजे एक साधा प्रश्न उभा राहतो. हा शोध विकत घेणार कोण?

परभणी हा तसा पाण्याला पारखा जिल्हा नव्हे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या त्यातून वाहतात. जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे, सेलूजवळ निम्न दुधना प्रकल्प आहे, जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यात येतो आणि ढालेगाव, मुदगल, डिग्रस येथे गोदावरीवर बंधारे आहेत. असे असूनही पावसाने दोन वर्षे पाठ फिरवली की गावोगाव टँकरची वाट पाहावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण मराठवाड्यात अद्याप ताजी आहे.

येथील भूमी काळ्या पाषाणाची. या खडकात पाणी साठण्यास जागा थोडी आणि जे मुरते ते भेगांवाटे शेजाऱ्याच्या विहिरीतही जाते. एखाद्या शेतकऱ्याने पदरचा पैसा घालून ओल मोजणारे उपकरण बसविले आणि पाणी वाचविले, तरी ते पाणी त्याच्याच नावावर जमा राहत नाही. पलीकडच्या बांधावरील नवी कूपनलिका ते उपसून घेते. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती असेल तेथे उत्तमोत्तम यंत्रालाही गिऱ्हाईक मिळणे कठीण. या अपयशाचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडणे अन्यायाचे ठरेल.

शिवाय यंत्राने वाचविलेले पाणी शिल्लक राहतेच, असेही नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते की, इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. ठिबक सिंचनाचेही तसेच होऊ शकते. एकरी पाणी कमी लागते, म्हणून उसाचे क्षेत्र वाढते आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ पूर्वीप्रमाणेच दिसतो. उपशाला मर्यादा नसेल, तर काटकसर करणारे यंत्रही उपशालाच हातभार लावते.

या मर्यादेचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकाने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायत उभी केली. स्वतः यंत्रे बनविणाऱ्या या गृहस्थाने गावासमोर यंत्राऐवजी नियम ठेवला. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर माणशी ठरावा, भूमिहीनालाही तो मिळावा आणि उसाला पाणी देऊ नये, हे त्याचे सार. पुढे २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेल्या आणि २०१९ पर्यंत शहात्तर तालुक्यांत पोचलेल्या वॉटर कप स्पर्धेत स्पर्धक होते ते गाव. गाव एकत्र येते, हे तिने सिद्ध केले; परंतु अडविलेल्या पाण्याचा वापर आवरण्याचा प्रश्न बव्हंशी उरलाच.

तेव्हा स्पर्धा नकोत, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या अटी बदलल्या पाहिजेत. पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देण्याची तरतूद २००५ च्या कायद्याने केली आहे. परभणीचा समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीतही रुजवू पाहिली. ज्या संस्थेला मोजून पाणी मिळते आणि मोजून पैसे भरावे लागतात, तिलाच मापकाची खरी गरज भासते. म्हणून उपकरण करणारा तरुण आणि ते वापरणारी संस्था अथवा ग्रामपंचायत, अशा जोडीलाच स्पर्धेत प्रवेश असावा. बक्षिसाचा छोटा भाग नमुन्यासाठी द्यावा. उरलेली रक्कम दोन उन्हाळ्यांनंतर, विहिरींची पातळी व उपशाची नोंद पाहूनच द्यावी. हे परीक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे सोपविता येईल. कोरडवाहू शेतीच्या अभ्यासाची परंपरा तेथे आहे.

असे न झाल्यास परिणाम स्पष्ट आहे. परभणीचा हुशार मुलगा पारितोषिक घेऊन पुण्यास जाईल, त्याचे यंत्र प्रदर्शनात राहील आणि त्याच्या गावची बाई मे महिन्यात हंडा घेऊन टँकरपाशीच उभी असेल. सार्वजनिक पैशातून दिलेल्या बक्षिसाचा हिशेब अखेर त्या हंड्याशीच लागला पाहिजे.