यादी आत घालताना घाई नको



आमच्या पनवेलच्या वस्तीतील विहारात शिष्यवृत्तीसाठी मुलांची यादी करायचे ठरले. पोरांनी नावे नोटपॅडवर टाईप करून आणली. आम्ही म्हटले, आता डेटाबेसमध्ये घातली की झाले! यादी आत गेली, छापून पाहिली आणि कपाळाला हात लावला. पत्त्याचा अर्धा भाग बँक खात्याच्या रकान्यात, खाते क्रमांकांचे सुरुवातीचे शून्य गायब, आणि ६ डिसेंबरला जन्मलेली मुलगी १२ जूनची झालेली. चूक यंत्राची नव्हती, आमच्या घाईची होती.

वाचकहो, साधी टेक्स्ट फाईल म्हणजे नुसती अक्षरे. स्वल्पविराम दिसला की प्रोग्राम तिथे नवा रकाना धरतो, मग तो पत्त्यातला का असेना. म्हणून पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा, नाहीतर रकाने टॅबने वेगळे करावेत. खाते क्रमांक आणि मोबाईल नंबर यांचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवावा. त्यांची बेरीज थोडीच करायची आहे? अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो, म्हणून तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा निवडून द्यावा. मराठी फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी आणि आत घेतानाही तेच निवडावे, नाहीतर नावांच्या जागी भलतीच चिन्हे येतात. मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवून आधी दहाच ओळी घालून पाहाव्यात. शेवटी फाईलमधल्या ओळी आणि आत गेलेल्या नोंदी मोजून ताळा करावा.

खरी गोम धर्माच्या रकान्यात होती. कुणी 'बौद्ध', कुणी 'नवबौद्ध', कुणी 'बुद्धिस्ट' लिहिले होते. संगणकाने तीन वेगळे समाज मोजले! काहींनी तर सवलत जाईल या भीतीने रकाना कोराच सोडला होता. बंधू-भगिनींनो, ही भीती सोडा. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीत धरले आहे. जात आणि धर्म हे दोन वेगळे रकाने आहेत. दोन्ही भरा, आणि धर्मापुढे सर्वांनी एकच शब्द लिहा, 'बौद्ध'.

१९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भागात बौद्ध जेमतेम काही हजार होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ मध्ये ते २७ लाखांवर गेले, २०११ मध्ये ६५ लाखांवर. घराघराने धर्म सांगितला, कुणीतरी तो रकान्यात लिहिला, म्हणून हा आकडा उभा राहिला. बाबासाहेबांनी १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यालाही लोकसंख्येचे तक्ते जोडले होते. आकड्याशिवाय आपली मागणी कोण ऐकणार?

आमची यादी पुन्हा केली. ६ डिसेंबरची ती मुलगी शेजारी बसून एकेक ओळ वाचत होती आणि आम्ही खूण करीत होतो. आपल्या विहारातही या रविवारी असेच दोघांनी बसावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने तपासावे.