पोटावरचा हात

पाय लुळे पडलेली बाई बाळंत होते कशी, असे आमच्या कोल्हारात मला कितीजणींनी आडून आडून विचारले! बायांनो, गर्भाशय मेंदूच्या हुकुमाची वाट पाहत नाही. ते आपणहून आवळते. कळा मात्र जाणवतीलच असे नाही. म्हणून अखेरचे दोन महिने मी चाकांच्या खुर्चीत पोटावर तळहात ठेवून बसे. पोट दगडासारखे झाले की घड्याळ बघे. इजा छातीमागच्या सहाव्या मणक्याच्या वर असली (माझी खाली होती), तर फार जपावे. डोके ठणकते, घाम फुटतो, रक्तदाब एकाएकी चढतो, प्रसंगी जिवावर बेतते. डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवावे. 'ऑपरेशन करून मोकळी हो,' म्हणणाऱ्यांना 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवावा. संमतीवाचून वंध्यत्व आणता येत नाही. पाळणा मी सुताराकडून खुर्चीच्या उंचीचा करून घेतला. लेक माझ्या मांडीवर बसून भगवतीच्या देवळापर्यंत हिंडून येते.