सैल करण्याची पायरी

अमेरिकेत घरच्या घरी एआर-१५ रायफल जुळवणाऱ्या हौशी माणसाला विचारा, बॅरलला रायफलच्या सांगाड्याशी, म्हणजे रिसीव्हरशी, जखडणारा बॅरल नट कसा आवळला? उत्तर आकड्यात येते. ४५, ५०, ६० फूट-पाऊंड. आट्यांना ग्रीस लावले का, नट मध्ये किती वेळा सोडला, हे तो आपणहून सांगत नाही. काम बिघडते ते तिथेच.

अमेरिकी लष्कराच्या एम-१६ दुरुस्ती-पुस्तिकेत क्रम स्पष्ट आहे. आट्यांना मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावा. नट आवळा आणि सोडा, असे तीनदा. मग निदान ३० फूट-पाऊंडांपर्यंत आवळा आणि नटाच्या कडेवरची खाच गॅस ट्यूबच्या वाटेत येईपर्यंत पुढे न्या. ८० ओलांडू नका. ३० आणि ८० मधले हे अंतर त्या खाचेसाठी राखलेले आहे. म्हणजे ज्या ६० चा एवढा अभिमान, तो आकडा माणसाने निवडलेलाच नसतो. खाच जिथे जुळली तिथे पाना थांबला, इतकेच.

आणि पाना तरी काय मोजतो? हाताचा जोर. नटाने बॅरलला किती दाबून धरले, ते पान्याला कळत नाही. ढोबळ हिशेबाने या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा दाबाच्या कामी येतो. बाकीचा घर्षण गिळते. रिसीव्हर अॅल्युमिनियमचा, आटे नवे आणि खरबरीत. पहिल्यांदा आवळताना बराच जोर तो खरबरीतपणा दाबण्यातच खर्च होतो. पाना ५० दाखवतो, पण पकड ५० ची नसते. पुढे गोळीबाराची उष्णता आणि हादरे यांनी आटे बसू लागतात, पकड उतरते, गोळ्या पसरू लागतात. मग माणूस दुर्बीण बदलतो, काडतुसे बदलतो. नटाकडे बघत नाही, कारण तो तर ‘टॉर्क लावून’ बसवलेला!

तीनदा सोडण्याची पायरी याचसाठी आहे. आटे गुळगुळीत होतात, एकमेकांवर नीट बसतात आणि पान्यावरच्या आकड्याला काही अर्थ येतो. खाच केसभर पुढे राहिली, तर पुन्हा सोडून पुन्हा आवळावे. बहुतेकदा नट तेवढा पुढे सरकतो. उलट, आधीची खाच गाठण्यासाठी नट मागे फिरवणे ही शुद्ध फसवणूक आहे. तिथे पकड भरवशाची उरत नाही.

महागडा टॉर्क पाना घ्यायचा आणि पुस्तिकेतली फुकटची ओळ गाळायची, याला काटेकोरपणा म्हणता येणार नाही. ही ओळ गॅस ट्यूब आणि हँडगार्ड चढवण्याआधीच पाळा. नंतर आठवली, तर दोन्ही पुन्हा उतरवावे लागतात.